नावाआधीचं अक्षर

खडू पुसला जाईना. बाळासो वरुटेनं आधी बोट फिरवून बघितलं, मग तळहात घासला, मग खिशातला रुमाल काढला, त्याला थुंकी लावली आणि जोर लावून फळ्यावर रगडला. अक्षर हललं नाही. हाताला पांढरं काही लागलं नाही. तेव्हा त्यानं नाक फळ्याजवळ नेलं आणि त्याला ऑइलपेंटचा वास आला. खडूनं लिहिल्यासारखं कुणीतरी रंगानं लिहिलं होतं. अक्षरांच्या कडा मुद्दाम भुरभुरीत ठेवल्या होत्या, खाली धूळ सांडल्यासारखे ठिपकेसुद्धा रंगवले होते. जुना सिमेंटचा फळा, भिंतीतच बसवलेला, आणि त्यावर आता कायमचं लिहून ठेवलेलं: 'कै. श्रीमती इंदुमती वरुटे सभाकक्ष'. त्याला त्यातला एकच शब्द पुसायचा होता.

आपल्याकडं श्रीमती कुणाला लावतात ते लग्नाची पत्रिका वाचता येणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. नवरा असेपर्यंत सौ., नवरा गेला की श्रीमती. सरकारी कागदावर काय करतात ते सरकार जाणे, घरात आणि भावकीत चालतं ते हेच. म्हणजे या भिंतीच्या म्हणण्याप्रमाणं आधी बाळासो मेला, मग इंदुमती त्याच्या मागं काही वर्षं राहिली, आणि मग तीही गेली. झालं होतं ते उलटं. आठ महिन्यांपूर्वी ती गेली आणि बाळासो मागं राहिला, धडधाकट, साखर नाही, बीपी नाही, दोन्ही गुडघे जाग्यावर. थुंकी लावलेला रुमाल धरून तो उभा होता आणि त्याच्या कानशिलाची शीर उडत होती. हल्ली त्याला राग यायला फार काही लागत नसे. दुधाची पिशवी वाकडी कापली गेली तरी यायचा, शेजारच्या टीव्हीत कुणी हसलं तरी यायचा. पण ते राग असे हवेतच फिरून विरायचे. आज रागाला टेकायला भिंत मिळाली होती.

ती गेली तेव्हा पहिला राग आला तो आक्काचा. आक्का त्याची थोरली बहीण, कागलास दिलेली. दारातनं हंबरडा फोडतच आली, आणि दुसऱ्या दमाला म्हणाली, "भाग्याची गं माझी बाय, भरल्या कपाळानं गेली! सोनं झालं!" मग बायकांनी इंदुमतीला हिरवं लुगडं नेसवलं, चुडा भरला, कपाळभर कुंकू लावलं, ओटी भरली, आणि रांगेनं पाया पडल्या. असलं मरण यावं, म्हणाल्या. नळ्या लावून पडलेली बाई. शेवटी शेवटी तिला पाणी मागायला शब्द सापडत नव्हता, जिनं उभा जन्म पोरींना शब्द शिकवले तिला. असलं मरण यावं? बाळासोला त्या हळदीकुंकवाच्या ताटाला लाथ घालावीशी वाटली होती. या भाग्यात त्याचं कर्तृत्व काय, तर तो मेला नव्हता. एवढ्याच गुणावर बायका त्याच्या बायकोच्या पाया पडत होत्या. लाथ त्यानं घातली नाही. लोक काय म्हणतील म्हणून नव्हे, पाय उचलला नाही म्हणून. पुढं पेपरात निधनवार्ता आली, 'कै. सौ.' अशी, तेही त्याला रुचलं नव्हतं. आणि आज ते सौ. दिसलं नाही तर तो भिंत घासत होता. आपल्याला नक्की काय पाहिजे ते त्याचं त्याला कळत नव्हतं. हे नको, एवढं कळत होतं. आणि हे असंच राहणार असेल तर संध्याकाळच्या कार्यक्रमाला बसायचं नाही, फीत कापायची नाही, सरळ चालू लागायचं, एवढं त्यानं तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

तसं तर फाटकावरच बिनसलं होतं. निळ्या गणवेशातल्या रखवालदारानं विचारलं, "पावणं, कुणाकडं?"

"शाळंत."

"शाळा न्हाय हितं आता. हापिसं हायती."

"म्हाईत हाय. माझ्या बायकोच्या नावाची खोली हाय आत."

रखवालदारानं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि त्याच्या गळ्यात 'व्हिजिटर' असं छापलेलं कार्ड अडकवलं. बाळासोला ते बैलाच्या गळ्यातल्या लोढण्यासारखं वाटलं. पण खोटं नव्हतं ते. एवढी वर्षं तो या फाटकाशी उभा राहिला होता आणि आत पाऊल टाकायची ही त्याची पहिलीच वेळ होती. मुलींचं हायस्कूल, संस्थानच्या काळात बांधलेलं, आणि तेव्हापासूनचा दंडक असा की बाप्या माणसानं फाटकाच्या आत यायचं नाही. बाप असो, भाऊ असो, बाईंचा नवरा असो. बाळासोचं उद्यमनगरात ऑइल इंजिनाच्या सुट्या भागांचं दुकान. संध्याकाळी दुकान पोऱ्यावर टाकून तो स्कूटर घेऊन इथं यायचा, ग्रीसचे हात फडक्याला पुसत उभा राहायचा, आणि समोरची इमारत बघत बसायचा. त्यामुळं तिचं तोंड त्याला पाठ होतं. काळा दगड, टोकदार कमानी, दर कमानीच्या माथ्यावर कोरलेलं फूल, आणि कुठलीच दोन फुलं सारखी नाहीत. मधोमध मनोरा, मनोऱ्याला घड्याळासाठी ठेवलेलं गोल भोक. घड्याळ विलायतेहून यायचं होतं ते कधी आलंच नाही, भोकात कबुतरं राहिली. इंदुमती म्हणायची, "बरं झालं नाही आलं ते. आमच्या शाळेला त्यामुळं कधीच उशीर होत नाही."

आतली शाळा त्याला तिनं स्कूटरच्या मागल्या सीटवरनं सांगितली. रोज थोडी थोडी, रंकाळ्याच्या वाऱ्यात अर्धी उडून जायची, अर्धी कानात पडायची. भिंती एवढ्या जाड की खिडकीच्या कोनाड्यात दोन पोरी मांडी घालून बसतात. जिन्याच्या सागवानी पायऱ्या मधोमध झिजून वाटीसारख्या झाल्यात, पोरींच्या पायांनी. वर, कौलांच्या खाली, झरोक्यांची ओळ आहे, दोरी ओढली की उघडतात, आणि दुपारच्या तासाला तिथनं उन्हाचा एक पट्टा खाली उतरतो. पहिल्यांदा शेवटच्या बाकावर. मग सरकत सरकत पुढं. "माझ्या पायाशी आला की मी पुस्तक मिटते," ती म्हणायची, "तेवढ्यात घंटा होतेच." तिच्या वर्गाला तिसरी कमान म्हणायचे. ती मराठीचं व्याकरण शिकवायची आणि बाळासोशी बोलताना मात्र तिनं त्याचं हाय न्हाय कधी सुधारलं नाही. एकदा त्यानंच विचारलं तर म्हणाली, "पगार मिळतो तेवढंच सुधारते."

गेले आठ महिने त्यानं तिला तिथं ठेवलं होतं. डोळे मिटले की दवाखान्यातली खाट समोर यायची, नळ्या, उघडं पडलेलं तोंड, आणि ते त्याला सोसायचं नाही. मग तो जोर लावून तिला उचलायचा आणि तिसऱ्या कमानीत नेऊन उभी करायचा. उंच छत, झरोके, दोरी, उन्हाचा पट्टा, तिच्या हाताला खडू. त्यानं न बघितलेली खोली होती ती, म्हणूनच बरी होती. तिथं ती आजारी पडत नव्हती. त्या खोलीत ठेवली की त्याला झोप लागायची.

आणि आता तो त्या खोलीत उभा होता. वर बघितलं तर छतच नाही. म्हणजे होतं, पण पांढरं, सपाट, हात उंचावला तर काठीनं लागेल एवढं खाली आलेलं, त्यात चौकोनी दिवे. झरोके असतील तर त्याच्या वर कुठंतरी असतील, अंधारात. ऊन नाही. थंड हवा, तिला दवाखान्याचा वास. वर्गाची एक भिंत काढून तिथं काच बसवली होती आणि काचेपलीकडं पोरं-पोरी कानाला काहीबाही लावून संगणकात बघत बसली होती. जिथं बाकं असतील तिथं एक लांबडं टेबल, भोवती चाकांच्या खुर्च्या. दगडाचा चुना खरवडून दगड उघडा केला होता, आतला ओबडधोबड, जो कुणी कधी बघायचा नव्हता. बाळासोला वाटलं, अंगावरचं कातडं काढून ठेवलंय आणि वर म्हणतात, बघा कसं छान दिसतंय. फक्त फळा जाग्यावर होता, आणि फळ्यावर तो शब्द. त्याच्या मनातली खोली गेली. ती इथं उभी राहूच शकत नव्हती. छत तिच्या डोक्याला लागलं असतं. आज रात्री डोळे मिटले की तिला न्यायची कुठं?

"काका! लवकर आलात? मी गाडी पाठवणार होते की."

मैथिली आत आली. जीन्स, कपाळावर चष्मा, हातात मोजायची टेप. या इमारतीचं सगळं काम हिनंच काढलेलं. इंदुमतीची विद्यार्थिनी, पुढं आर्किटेक्ट झाली, आणि शाळा गावाबाहेर नव्या जागेत गेल्यावर ही दगडी इमारत ज्या कंपनीनं भाड्यानं घेतली तिनं हिलाच बोलावलं. दवाखान्यात रोज यायची पोरगी. बाळासो एरवी तिला लेकीसारखं मानायचा. आता ती दिसताच त्यानं सरळ फळ्याकडं बोट केलं.

"हे कुणी लिवलंय?"

"मीच की. खडूचं वाटतंय नं? चार वेळा पुसून पुन्हा लिहिलं."

"पुस."

"काय?"

"मधलं पुस. मी जित्ता हाय."

मैथिलीनं फळ्याकडं बघितलं, मग त्याच्या हातातल्या रुमालाकडं. तिला समजायला एक क्षण लागला. मग ती काही बोलणार, तेवढ्यात तोच सुटला. छत कशापायी खाली आणलं? झरोके कुठं घातले? दोऱ्या कुठं हायती? भिंत कुणाला विचारून फोडली? हापिसातल्या लोकांना काचंतनं एकमेकांची तोंडं बघायची एवढी कसली हौस? शाळेचं हापिस केलं ते केलं, वर तिच्या नावाची पाटी लावून पुण्य कशाला मिळवता? मयताच्या अंगावरचं सोनं काढायचं आणि वर हार घालायचा, असली तऱ्हा.

काचेपलीकडं दोन-तीन माना वळल्या. मैथिलीचा चेहरा लाल झाला, आणि ती घाबरणारी नव्हती. कोल्हापूरचीच होती.

"झालं? आता माझं ऐका," ती म्हणाली. "माझ्या आधी जो आर्किटेक्ट आला होता तो सगळं पाडून फक्त पुढची भिंत ठेवणार होता. फोटोला. मी सहा महिने भांडले. लाकडाला खिळा मारू दिला नाही कुणाला. हे छत चार बोल्टांवर आहे, उद्या काढलं तर वरचं सगळं जसंच्या तसं. एसी म्हणजे जागा बंद करावी लागतीय, त्याला मी काय करू? कौलांतनं हवा जाते. आणि शाळा मी बंद केली? पोरी कुठं राहिल्या होत्या शेवटी? तुमच्या नातवंडांना घातलंत का तुम्ही या शाळेत?"

मुलगा पुण्यात, नात इंग्रजी शाळेत. बाळासोचा राग आणखी चढला.

"ते ऱ्हाऊ दे. श्रीमती कशापायी लिवलंस? तुला येवढं कळंना? तिनंच शिकवलं न्हवं तुला?"

"तिनंच शिकवलं," मैथिली म्हणाली. मग आवाज खाली आणून, "काका, तुम्हाला खरंच ठाऊक नाही? बाई इथं श्रीमतीच होत्या."

"म्हंजे?"

मग तिनं सांगितलं. ती आठवीत होती तेव्हाची गोष्ट. शिवणाच्या एक बाई होत्या, धोंडुबाई देसाई, गडहिंग्लजच्या. तिकडची कानडी मिसळलेली बोली, पोरी नक्कल करायच्या त्यांची. त्यांचा नवरा ऐन उन्हाळ्यात गेला. जूनमध्ये शाळा भरली आणि व्हरांड्यातल्या मोठ्या फळ्यावर नव्या वर्षाचं वेळापत्रक लिहिलं गेलं. सगळ्या बाईंची नावं, सौ., सौ., सौ., दोन कु., आणि खाली एकटी श्रीमती. पोरी थांबून थांबून वाचायच्या. धोंडुबाई व्हरांड्यातनं जाताना त्या बाजूला बघायच्या नाहीत. भिंतीला लागून, मान खाली घालून जायच्या. शाळेच्या श्रावणातल्या हळदीकुंकवाला त्या शिवणाच्या खोलीत बसून राहिल्या, मशीनचा आवाज मात्र येत होता. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी वरुटे बाई डस्टर घेऊन व्हरांड्यात आल्या. सगळ्या पोरी ओळीत उभ्या होत्या. बाईंनी आपल्या नावापुढचं सौ. पुसलं आणि तिथं श्रीमती लिहिलं.

"मोठ्या बाई धावतच आल्या," मैथिली म्हणाली. "म्हणाल्या, वरुटे बाई, काय हे अभद्र? नवरा फाटकात उभा असतो रोज! तर बाई म्हणतात, व्याकरणात काही चूक असली तर सांगा, पुसते. मोठ्या बाईंना काय चूक सापडणार? दोन दिवसांनी गणिताच्या बाईंनी बदललं. मग दिवाळीपर्यंत सगळ्यांनी. दोन कुमारिका होत्या त्यांनीसुद्धा. मग कोण कोण आहे ते फळ्यावरनं कळायचं बंदच झालं. बाई रिटायर होईपर्यंत इथं श्रीमतीच होत्या. सौ. लिहायला माझा हात धजला नाही, काका."

बाळासो बसला. चाकाची खुर्ची मागं सरकली, त्यानं टेबल धरलं.

घरी ती कधी बोलली नव्हती. स्कूटरवर भिंतींची जाडी सांगितली, पायऱ्या सांगितल्या, कबुतरं सांगितली, हे नाही. तेव्हा त्याची आई होती घरात. नवरा जिता असताना नावापुढं श्रीमती लावलं, हे ऐकून म्हातारीनं घर डोक्यावर घेतलं असतं, गुळाचा खडा ठेवून देवाला कौल लावला असता. म्हणून बोलली नसेल. की त्याला कळणार नाही असं वाटलं? रोज संध्याकाळी फाटकातनं बाहेर यायची ती कुंकू लावलेली, मंगळसूत्र घातलेली, पदर सावरत मागं बसायची, त्याच्या खांद्यावर हात ठेवायची. आणि आत, दोनशे पावलांवर, वर्षानुवर्षं, तो नव्हताच.

"म्हंजे मी भाईर हॉर्न वाजवत हुतो," तो सावकाश म्हणाला, "आणि आत मी मेलतो."

मैथिलीनं ओठ दाबले, पण हसू फुटलंच. "काका, सांगू? पोरी तुम्हाला बाईंचं भूत म्हणायच्या. संध्याकाळी कुणीतरी खिडकीतनं बघायचं आणि ओरडायचं, बाई, भूत आलंय, स्कूटर घेऊन."

"आणि ती?"

"म्हणायच्या, थांबू दे. भुताला काय घाई."

त्याला हसू आलं नाही. मैथिली बाहेर गेली आणि रंगाऱ्याची लोखंडी पट्टी घेऊन आली. त्याच्या समोर टेबलावर ठेवली. "घ्या. तुमचा हक्क आहे. तुम्हाला नको असेल तर तुमच्या हातानं काढा, मी काही म्हणणार नाही. वर काय लिहायचं तेही तुम्ही सांगा. सौ. लिहायचं तर सौ. लिहिते."

तो उठला. पट्टीची धार त्यानं 'श्री'च्या डोक्यावर टेकवली. नुसतं दाबलं असतं तर निघालं असतं, रंग नवाच होता. तो तसाच उभा राहिला. हे निघालं की तो जिवंत होणार होता, नवरा म्हणून, भिंतीवर, कायमचा. आणि सौ. लिहिलं की पुन्हा आक्काचं ताट, पुन्हा पाया पडणाऱ्या बायका, पुन्हा ती भाग्याची. तिनं स्वतःच्या हातानं पुसलेला शब्द तिच्यावर परत चिकटवायचा, तोही ती बोलू शकत नसताना. त्याला तिचाच राग आला. खरा, जोरदार, नवरा-बायकोच्या भांडणातला राग, जो आठ महिन्यांत एकदाही आला नव्हता, कारण मेलेल्या माणसावर कोण रागावतं. मरूनसुद्धा या बाईनं आपलंच खरं केलं होतं. त्यानं पट्टी खाली ठेवली.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. आणि दारात पोचल्यावर, मागं न बघता, "छताचं मातर मी इसरनार न्हाय."

कार्यक्रम प्रार्थनेच्या मोठ्या दालनात होता. तिथं मैथिलीनं छत खाली आणू दिलं नव्हतं. बाळासो पहिल्या ओळीत बसला आणि मान मागं टाकून वर बघत राहिला. छत पेलणारी, काळी पडलेली सागवानी कैची, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, आणि अगदी वर झरोके, उघडे. इमारतीचं पोट दिसत होतं. हे तिनं सांगितलं होतं त्यापेक्षा मोठं होतं. त्याच्या खुर्चीच्या पाठीवर कागद चिकटवला होता, 'श्री. बाळासो वरुटे, प्रमुख पाहुणे'. बसताना वाचला होता तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता ते अक्षर त्याच्या पाठीला खुपायला लागलं.

श्री. लग्नाआधी श्री., लग्नानंतर श्री., आणि ती गेल्यावरही श्री. तिच्यावर दोन शब्द झगडले, एक पुसला, एक लिहिला, धोंडुबाईंसाठी सगळ्यांनी मिळून लिहिला. त्याच्या नावाला ओरखडासुद्धा पडला नाही. कुणी त्याच्या हातातलं काही फोडलं नाही, कपाळावरचं काही पुसलं नाही. रस्त्यानं चालला तर कुणाला कळत नाही. गेल्या महिन्यात भाजी मंडईत जुन्या गिऱ्हाइकानं विचारलं, "वहिनी कशा हायती?" आणि हा म्हणाला, "बऱ्या हायती," कारण मेथीच्या जुड्या हातात घेऊन दुसरं काय सांगायचं? आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांचं वेगळंच. शेजारच्या दुकानातला हंबीरराव, तेराव्याचं जेवण जिरलं नसेल तेवढ्यात जवळ सरकून म्हणाला, "येकट्याचं कसं व्हायचं बाळासो? कबनूरला एक बाई हाय बघ, यंत्रमागावर हुती, गरीब हाय, सैपाक चांगला करती." बाळासोनं त्याला हातातला पिस्टन दाखवला होता. फेकला नाही, दाखवला. पण हंबीररावाचं तरी काय चुकलं? त्याला दिसत काहीच नव्हतं. जिथं काही फुटलेलं दिसत नाही तिथं लोक नवं भांडं ठेवायला जागा आहे असंच धरतात.

कंपनीचे साहेब बोलले. वारसा, जतन, प्रगती, असले शब्द आले. मैथिलीचा सत्कार झाला. मग सूत्रसंचालन करणारी पोरगी पुढं आली, राजनंदिनी म्हणून, कंपनीतच कामाला, पैठणी नेसलेली, नवीन. गोड आवाजात म्हणाली, "आणि आता, ज्यांच्या नावानं आपला सभाकक्ष ओळखला जाणार आहे त्या कैलासवासी श्रीमती इंदुमती वरुटे बाई यांचे पती, श्री. बाळासो वरुटे, यांना मी विनंती करते..."

"श्री. काढा," बाळासो म्हणाला.

तो उभा राहिला होता. बोलला होता साध्या आवाजात, पण दालनात सगळीकडं गेलं. साहेब हसऱ्या तोंडानं वळले. राजनंदिनीनं हातातल्या कागदाकडं बघितलं.

"सॉरी काका, मग काय म्हणू? श्रीमान?"

"न्हाय. पती बी म्हनू नगा. पती हुतो, ती हुती तवर."

त्याला ठाऊक होतं, आपण कार्यक्रम बिघडवतोय. म्हातारा आहे, गावठी आहे, दुःखात आहे, असं म्हणून लोक सोडून देतील, तेही ठाऊक होतं, आणि त्याचाही राग आला. त्यानं काहीतरी आठवायचा प्रयत्न केला, आपल्याला लावतात असा एखादा शब्द. आयुष्यभर ऐकत आला होता, ही अमक्याची विधवा, ती तमक्याची विधवा. नाव राहत नाही बाईला, पण कुणाची ते राहतं. बाप्याला शब्द आहे, पुस्तकात आहे, पण तो नुसता असतो. कुणाचाच नसतो. जणू त्याला कुणी सोडून गेलंच नाही, हवा बदलावी तसा तो बदलला.

"विधुर म्हना," तो म्हणाला. "इंदुमती वरुटेचा विधुर."

मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकला काढला. काचेच्या खोलीतली पोरं एकमेकांकडं बघायला लागली. राजनंदिनीनं माइकवर हात ठेवला आणि पुढं वाकून, त्याची लाज राखावी अशा बेतानं, हळू म्हणाली, "काका, असं नाही म्हणत. अमकीचा विधुर असं नसतं मराठीत."

"म्हाईत हाय मला," बाळासो म्हणाला. "तुम्ही म्हना."

ती मैथिलीकडं बघायला लागली. मैथिलीचा चष्मा डोळ्यांवर आला होता आणि ती समोरच्या दगडाकडं बघत होती. साहेबांनी घड्याळात बघितलं. बाळासो बसायला तयार नव्हता. शेवटी त्या पोरीनं कागद घडी करून बाजूला ठेवला, पदर नीट केला, माइक तोंडाजवळ नेला आणि म्हटलं. एकदा चाचरली, मग पुन्हा पहिल्यापासून, नीट, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

बाळासोनं मान डोलावली. आणि फीत कापायला तो पुढं गेला.